तिची मुंबई

मुंबईतली नाताळची रोषणाई एकदा दाखवा, असं आई दर वर्षी म्हणायची. “आन् उसाला पानी कोन देनार?” आप्पा विचारायचे. आई गेली. वर्षाच्या आत आप्पांनी चांगुणाबाईशी लग्न केलं आणि त्याच नाताळात तिला मुंबईला नेलं. दुष्काळानं यंदा पाट कोरडा होता, हे मला कळत होतं. तरी माहेरी गेल्यावर तिच्याशी गोड बोलणं मला जमेना.

“काय काय पाहिलंत, मावशी?”

“लई. रोशनाई, रानीच्या बागंतला हत्ती, चौपाटी.”

“मजा आहे तुमची.”

ती हसली नाही. आमच्याकडे दुसरेपणाची बायको पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालते. तो तिनं पदराआडून बाहेर काढला.

“जाईल तितं म्हनायचे, ह्यो पदराभाईर काढ, तिला बी दिसू दे. समुद्रापाशी तर माज्या गळ्याकडं बगून तिच्याशीच बोलत बसले. ताई, मुंबई तुमच्या आईनं बगितली. मी नुसती संगं हुते.”