उजवीकडची थाप

सोलापुरातल्या आपल्या स्टुडिओत बिराप्पानं नवा हेडफोन चढवला, पण ढोलाची थाप उजवीकडं मेल्यासारखीच लागली. "ह्यात दमच न्हाय," तो चिडला. लेकीनं मशीनवर आवाज मोजला. "आप्पा, दोन्ही बाजू सारख्याच आहेत की." "मशीनला काय कळतंय? थाप छातीत बसाय पायजे!" तिनं हेडफोन त्याला उलटा घातला. दोष हेडफोनचा असता, तर आता डावी बाजू मेली असती. पण डावीकडं ढोल घुमला. उजवीकडं पुन्हा तेच. म्हणजे दोष उजव्या कानातच होता, आणि बिराप्पानं उभा जन्म ह्याच कानांच्या जोरावर काढला होता. "आता कुठं कमी लागतंय?" लेकीनं विचारलं. "डावीकडं," तो म्हणाला. लेक खुलली. "मशीनच चुकलं. तुमचाच कान खरा. उद्याचं रेकॉर्डिंग तुम्हीच बघा." ती चहा सांगायला गेली. बिराप्पानं कोपऱ्यातला ढोल ओढला, उजवा कान कातड्याला टेकवला आणि जीव खाऊन थाप मारली.