सडाफटिंगांचा राक्षस

"दर वेळी मरणाच्या दारात मीच का?" नळवाला पुटपुटला, पण इतकं स्पष्ट की टेबलाभोवतीच्या तिघांनाही ऐकू गेलं.

टेबलावर प्लास्टरचा जबडा आ वासून ठेवला होता. तो राक्षस. त्याच्या दाढांमध्ये अडकवलेला पितळी नट हा नळवाल्याचा शूरवीर. दातांच्या दवाखान्याला आज सुट्टी होती, आणि बाहेरच्या खोलीत पेशंटच्या खुर्च्या ओढून दर आठवड्याचा खेळ चालू होता. डॉक्टरीण गोष्ट सांगायची, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे, आणि अडलं की फासा टाकायचा.

"नियम माहीत आहे ना," शेजारच्या दुकानातला चष्मेवाला म्हणाला. नियमांचं पुस्तक त्याला तोंडपाठ होतं आणि ते तो लपवतही नसे. "मेलेल्यानं ही गोष्ट संपेपर्यंत यायचं नाही."

ही गोष्ट दोन वर्षं चालू होती आणि संपायची चिन्हं नव्हती. दवाखान्यातला एकही नळ गळत नव्हता, तरी नळवाला दर आठवड्याला पान्हा घेऊन यायचा आणि निघताना सगळे नळ एकदा बघून जायचा. त्यावर कुणी चकार शब्द काढत नसे.

"थांबा रे, त्याला एवढ्यात पुरू नका. माझ्याकडे एक शाप उरलाय," डॉक्टरिणीच्या सासूबाई म्हणाल्या. खेळात त्या चेटकीण होत्या. मुलगा वारल्यापासून घरी सासू-सून दोघीच, त्यामुळे सून जिथं, तिथं त्या. "राक्षसाला म्हणते, तुझं वाटोळं होवो."

"कुठल्या अर्थानं?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"सरळ अर्थानं. वाटोळा. चेंडूसारखा. मग द्यायचा कड्यावरून ढकलून."

डॉक्टरिणीला हसू आलं, पण तिनं मान हलवली. "आई, अहो, दाढेत माणूस आहे. राक्षसाबरोबर हेही गडगडतील."

नळवाला नटाकडे बघत राहिला.

"म्हणजे, शूरवीरही," डॉक्टरीण म्हणाली आणि वहीची पानं उलटू लागली.

"बरं, मग तुझे दात पडोत," सासूबाईंनी घाईनं शाप बदलला.

"काय उपयोग? न चावता गिळेल," चष्मेवाला म्हणाला.

"मी काय म्हणतो काकू, मलाच शाप द्या," नळवाल्याला सुचलं. "अंगाला असा घाण वास सुटो की राक्षसानं थू करून थुंकून टाकावं."

"त्यासाठी शाप कशाला वाया घालवू? कामावरून येतोस तसा ये."

नळवालाच सगळ्यात जोरात हसला. चष्मेवाल्यानं मात्र बोट वर केलं. "आपल्याच माणसाला शाप देता येतो, त्याला हरकत नाही. पण शापानं त्याचं काहीतरी नुकसान व्हायलाच हवं. निव्वळ भलं झालं तर तो आशीर्वाद, आणि चेटकिणीला आशीर्वाद देता येत नाही."

"वास सुटला तर नुकसान नाही का माझं? चार माणसांत बसायची सोय राहणार नाही," नळवाला म्हणाला.

"आत्ता तरी कुठं आहे?" चष्मेवाला म्हणाला, आणि दोघांची चांगलीच जुंपली.

सासूबाईंनी टेबलावर टिचकी मारली. "अगं, पण हा मेला खातो तरी कुणाला? ते सांग आधी."

डॉक्टरिणीनं वहीतून वाचलं. "फक्त सडाफटिंग माणसाला. बायको, सासुरवाडी असलेला माणूस त्याला पचत नाही."

"हे पुस्तकात कुठल्या पानावर आहे?" चष्मेवाल्यानं लगेच विचारलं.

"पुस्तकात नाही." ती वहीचा कोपरा दुमडत होती. "मी लिहिलंय."

सासूबाईंनी सुनेकडे बघितलं. मग राक्षसावर रोखलेलं बोट त्यांनी सावकाश फिरवलं आणि नळवाल्यावर आणून थांबवलं.

"तुला माझ्यासारखी सासू मिळो."

नळवाल्याचा कान लाल झाला. एकच, सासूबाईंच्या बाजूचा.

"यात नुकसान कुठं आहे?" चष्मेवाला म्हणाला.

"माझ्यासारखी म्हटलंय मी. विचार हिला."

"नुकसान आहे," डॉक्टरीण मान वर न करता म्हणाली. "चहात साखर किती घालायची, तेसुद्धा आपल्या हातात राहत नाही."

"ठीक. पण सासू काही अशी हवेतून मिळत नाही, काकू. आधी तिला मुलगी असावी लागते," चष्मेवाला म्हणाला.

"आहे की," सासूबाई म्हणाल्या. "समोर बसलीय. तिला हा आवडतो, ह्याला ती आवडते, आणि दोघंही दोन वर्षं माझ्या तोंडाकडे बघत बसलीत. आता माझं तोंड दुखायला लागलं."

चष्मेवाला पुस्तक उघडून बसला. त्यात काही सापडण्यासारखं नव्हतं.

"शाप चुकवायचा असेल तर फासा टाकता येतो," डॉक्टरीण नळवाल्याला म्हणाली. दुखणार नाही, असं पेशंटला सांगतानाचा तिचा आवाज होता. "चारच्या वर पडलं तर सुटलात."

नळवाल्यानं फासा उचलला, तळहातावर घेतला, आणि न टाकता तिच्यासमोर ठेवून दिला.

"मला नाही चुकवायचा."

डॉक्टरिणीनं चिमट्यानं तो नट दाढांमधून अलगद सोडवला. तिनं सासूबाईंकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"शाप लागला," ती म्हणाली.