केळुसकरांचे हात

डॉ. मृण्मयीने हातमोजे चढवताच तिचे तळहात आपसूक एकमेकांवर चोळले गेले. बॅटरीवर चालणाऱ्या त्या यांत्रिक मोज्यांत चार वर्षांपूर्वी वारलेल्या डॉ. केळुसकरांच्या बोटांचं कसब भरलेलं होतं, आणि पोट तपासण्याआधी हात गरम करायची त्यांची खोडही.

"अगं बाई, हे तर आमच्या डॉक्टरांचेच हात!" खाटेवर कळवळणाऱ्या शेवंताबाई म्हणाल्या. "फक्त ते विचारायचे, 'गार नाही ना लागत?'"

बोटं पोटाच्या उजव्या बाजूला थबकली. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. ऑपरेशन वेळेत झालं, बाई वाचल्या.

पुढच्या आठवड्यात ऐन तपासणीत मोज्यांची बॅटरी उतरली. मृण्मयीने ते काढून ठेवले, उघडेच तळहात चोळले आणि पेशंटच्या पोटावर टेकवले. मनातल्या मनात केळुसकरांना नमस्कार करून तिने विचारलं, "गार नाही ना लागत?"