तीनशे अंश

काच निवून तीनशे अंशांवर येईपर्यंत भट्टीपाशी कुणी ब्र काढायचा नसतो. तोवर कानावर पडेल ते ती टिपते आणि जन्मभर ऐकवत राहते. बोंगाळेकाकांच्या बायकोने सकाळी दवाखान्यातून फोनवर काढलेले चार शब्द आतल्या काचेत निवत होते. भट्टीवाली सुलभा मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होती. भट्टीच्या दाराची आवाज अडवणारी झिजलेली पट्टी तिने आळसापायी बदललीच नव्हती. आता साधा हुंदकासुद्धा आत शिरला असता.

आकडा तीनशे वीसवर आला आणि काकांच्या हातातला मोबाइल थरथरला. त्यांनी वाचलं, तिच्यापुढे धरला. मुलाचा मेसेज होता: ‘आई गेली.’

काकांनी रुमालाचा बोळा तोंडात कोंबला. सुलभाने त्यांचे खांदे घट्ट धरले. तीनशे दहा. तीनशे पाच.

दिवा हिरवा झाला.

“काका,” ती म्हणाली, “आता रडा.”