चौकटी कंस

“ह्या दोघींनी कॉपी केली आहे,” लातूरहून परीक्षक म्हणून आलेल्या उज्वला मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी हरिओम सरांना दोन्ही स्क्रीन दाखवले.

सरांचं तोंडच उतरलं. प्रॅक्टिकलला पायथॉनमध्ये अ‍ॅरे, म्हणजे आकड्यांची एक रांग, तयार करायची होती. चौकटी कंस उघडायचा, आकडे टाकायचे, कंस मिटायचा. पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर शिकवलेली गोष्ट. सगळ्या वर्गाने तसंच लिहिलं होतं. शिवकन्या आणि शरणम्मानं मात्र आधी ‘लिस्ट’ शब्द लिहून, पुढे साध्या कंसात आणखी एक साधा कंस घालून द्राविडी प्राणायाम केला होता. उत्तर बरोबर होतं. पण सरळ रस्ता सोडून दोघी नेमक्या एकाच आडवाटेला कशा लागल्या?

सरांचा या पोरींवर जीव होता. एक अहमदपूरची, एक देगलूरची. कॉलेजजवळ विष्णुपुरीत एकाच खोलीत राहायच्या. मागच्या वर्षी नवा लॅपटॉप घेतल्यावर सरांनी आपला जुना या दोघींना देऊन टाकला होता. आता कॉपीचा शेरा लागला, तर पुढच्या आठवड्यात येणाऱ्या पुण्याच्या कंपनीच्या मुलाखतीला त्यांना बसताही येणार नव्हतं.

“असं लिहायला कुणी शिकवलं?” मॅडमनी विचारलं.

दोघींनी एकदा सरांकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या.

“अगं, बोला की! कुणाचं बघून लिहिलं?” सर कळवळून म्हणाले.

“आम्हाला असंच येतंय सर,” शिवकन्या पुटपुटली.

मॅडम काही दुष्ट नव्हत्या. त्यांनी दोन्ही स्क्रीन पुन्हा एकदा तपासले. मग त्यांनी शेरा भरला आणि मार्क पोर्टलवर पाठवून दिले. एकदा पाठवलेलं तिथे परत उघडत नाही. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत सर दारात नुसते उभे होते.

मग ते पोरींवर उखडले. “त्यांच्यासमोर दातखीळ बसली होती का तुमची?”

शरणम्माला रडू फुटलं. शिवकन्या म्हणाली, “लॅपटॉपचं ते चौकटी कंसाचं बटन चालतच न्हाई सर, पहिल्यापासून. बिगर त्याचं जमवून घेतलं, मग हाताला तीच सवय लागली. तुम्ही एवढ्या मायेनं दिल्ता. मॅडमसमोर सांगितलं असतं तर तुमची शोभा झाली असती न.”

सरांना आठवलं. त्या लॅपटॉपवर चहा सांडला, तेव्हा त्यांनीच बाजारातून वेगळा कीबोर्ड आणून त्याला जोडला होता. मग बंद पडलेलं बटन ते विसरूनही गेले. पोरींना लॅपटॉप देताना तेवढा कीबोर्ड त्यांनी काढून ठेवला होता. चांगला होता म्हणून.