आत तार नसलेलं हेल्मेट

एका माणसाचे अनुभव दुसऱ्याला देणाऱ्या यंत्रावरचा चित्रपट बरबँकच्या स्टुडिओत तयार होत होता. यंत्र म्हणजे नुसतं रंगवलेलं हेल्मेट. डोळ्यांवर काळं प्लास्टिक, आत एक तारसुद्धा नाही.

तरी ते घातलं की नायिका मॅव्हिसच्या उजव्या गुडघ्यात कळ उठायची आणि काढलं की थांबायची. ते बनवणारा म्हातारा ऑटिस उजव्याच पायाने लंगडायचा. तिचा संशय त्याच्यावरच गेला.

जेवणाच्या सुट्टीत तिने त्याला गाठलं. "आत काय लपवलंयस? माझी फिरकी घेतोस काय?"

"फोम आणि गोंद, बाई. दुसरं काय असणार?"

"मग घाल तूच!"

त्याने हसत हसत घातलं. मग त्याचं हसू विरलं.

"मीच दिसतोय, बाई. हेल्मेट घातलेला."

ती एक पाऊल मागे सरली. "म्हणजे तू माझ्या डोळ्यांनी बघतोयस?"

"छे. तुम्ही तर समोर आहात. मला माझी पाठ दिसतेय."

मॅव्हिसने त्याच्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं, नुसती पांढरी भिंत होती.

"बाई," ऑटिस कुजबुजला, "माझ्या मागे जे आहे ते आता माझ्याकडे बघत नाहीये. तुमच्याकडे बघतंय."