हाताकडं पाहा

रिंग लेन्सवर चढली, लेन्स कॅमेऱ्यावर फिरली आणि खट् करून बसली. ईशानने बटण दाबलं. कॅमेऱ्याने फोटो काढायला साफ नकार दिला. पडद्यावर अक्षरं आली : लेन्स नाही.

"काय म्हन्ते?" समोरच्या खुर्चीवरून त्याच्या आईने, कुंदाबाईंनी विचारलं.

"लेन्स लावलीच नाई म्हन्ते."

"एवढी डब्याएवढी लेन्स लावली अन् नाई म्हन्ते? आंधळा हाये का तो?"

"जुनी हाये ना आई. हिच्यात वायर नाई, काई नाई. ती हाये हे कॅमेऱ्याले समजतच नाई."

असल्या लेन्ससाठी मेनूत एक सोय असते. तो ती शोधत बसला.

लेन्स त्याच्या बाबांची, उद्धवरावांची. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आपल्या स्टुडिओत त्यांनी उभी हयात हिच्यातून पाहण्यात काढली. ईशान अमरावतीला लग्नांचे फोटो काढतो. "तुह्या कॅमेऱ्याले माही लेन्स बसते का रे?" असं त्यांनी दिवाळीत विचारलं होतं, आणि बसते म्हटल्यावर लहान पोरासारखे खूश झाले होते. ईशानने जोडायची रिंग मागवली. ती घरी आली त्याच्या आदल्या दिवशी उद्धवराव गेले. स्टुडिओतच, खुर्चीवर बसल्या बसल्या. त्या एका दिवसाचा ईशानला फार राग होता. कोणावर काढावा, ते मात्र कळत नव्हतं.

उद्या तेरवी. हार सांगून ठेवला होता, पण फोटोच नव्हता. अर्ध्या अकोल्याचे फोटो काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा एक धड फोटो घरात नसावा, याला काय म्हणावं! लग्नातल्या फोटोत मुंडावळ्यांनी तोंड झाकलेलं. मोबाइल कोणी धरला की ते पाठ फिरवायचे. शेवटी ईशानने आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला, तर कुंदाबाईंनी तो पाहिला आणि पालथा ठेवून दिला.

"हे तुये बाबा नाईत. हा तं पोलिसाइनं धरलेला मानूस हाये."

मग जरा वेळाने त्याच म्हणाल्या, "माहा काढ एक. त्याइच्या लेन्सनं."

"सुतकात कोनी फोटो काढते का, वहिनी?" आतून माणिकआत्या म्हणाली.

"आमच्या घरी काढते," कुंदाबाई म्हणाल्या. विषय संपला.

खुर्ची खिडकीकडे तोंड करून मांडली होती. खिडकीच्या गजांना पाठ लावून ईशान उभा राहिला. लेन्स पूर्ण उघडी ठेवली. एवढी उघडी, की डोळा स्पष्ट आला तर कान धूसर व्हावा. अशा वेळी उजव्या हाताने कॅमेरा धरायचा आणि डाव्याने लेन्सची फोकसची कडी केसभर केसभर फिरवायची. नाकावरची माशी हाकलायलाही हात मोकळा राहत नाही.

बाबांचं बरं होतं. त्यांचा कॅमेरा स्टँडवर असायचा. एक हात कॅमेऱ्यावर, दुसरा डोक्याच्या वर उंच. "हाताकडं पाहा!" म्हणायचे आणि चुटकी वाजवायचे. कागद कापायच्या मशीनने त्या हाताची तर्जनी अर्धी नेली होती. रडकी पोरंसुद्धा त्या बोटाकडे टकामका बघत राहायची आणि फोटो झकास यायचा.

"आई, इकडं पाह्य. लेन्सीत."

कुंदाबाईंची नजर जराशी वरच होती.

"पाह्यतच तं हाये. तुमी सांगितलं तिकडंच पाहून राह्यली."

तुमी! ईशानला हसू आलं. इतक्या दिवसांत आईने पहिल्यांदा थट्टा केली होती, त्याला फार बरं वाटलं.

"बरं बाईसायेब, हनुवटी जरा खाली."

हनुवटी खाली आली. नजर तिथेच राहिली. चेहऱ्यावर मात्र असं काही उमटलं, की ईशानला वाटलं, आपण पाहू नये. आई लाजली होती.

त्याने श्वास धरला. पापणी स्पष्ट झाली, सुटली, पुन्हा झाली.

"काढा ना लवकर," कुंदाबाई हळूच म्हणाल्या. "हात दुखन तुमचा."

"नाई दुखत. हलका हाये कॅमेरा."

चट् असा आवाज आला, बहुतेक खिडकीच्या कडीचा. त्याच क्षणी त्याने बटण दाबलं.

"झाला," कुंदाबाई उठल्या. पदर सारखा करत म्हणाल्या, "उद्या हाच लाव भिंतीवर. हार याले घाल."

ईशानने कॅमेरा खाली घेतला.

"असं काहून बोलतं आई? तू काई कुठं जाऊन नाई राह्यली."

"मी कुठं जातो म्हन्ली? पाह्य तं खरं, चांगला आला असन."

आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या.

ईशान खुर्चीवर बसला. खुर्ची अजून कोमट होती. आईचं बोलणं मनातून काढावं म्हणून तो नेहमीच्या कामाला लागला. जुन्या लेन्सने काढलेल्या फोटोत डोळा मोठा करून पाहिल्याशिवाय फोकसवर विश्वास ठेवायचा नसतो. त्याने फोटो मोठा केला. आणखी मोठा केला, पडद्यावर फक्त डोळा उरेपर्यंत.

फोकस अचूक होता. आईच्या बुबुळात खिडकी आली होती, खिडकीचे गज आले होते, आणि गजांपुढे तो स्वतः काळा-काळा उभा होता. दोन्ही हात कॅमेऱ्यावर. त्याच्या डोक्याच्या वर आणखी एक हात उंच उचललेला होता, आणि त्या हाताची तर्जनी अर्धी होती.